जांभळाचा तुरटपणा

जून उजाडला की बदलापूर स्टेशनाबाहेर आसपासच्या पाड्यांवरच्या बायका टोपल्या मांडून बसतात. पानाच्या द्रोणात टपोरी जांभळे, वर चिमूटभर मीठ. पाचसहा जांभळे खाल्ली की जीभ रंगते, तोंड कोरडे पडते, आणि गालाची आतली कातडी ताणून धरल्यासारखी आखडते. या आखडण्याला आपण तुरट चव म्हणतो. खरे तर तो चवीइतकाच स्पर्शाचा अनुभव आहे. जांभळातली टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, प्रथिनांचे बारीक गोळे होतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जिभेला टाळू खरखरीत लागतो. चामडे कमावताना हेच घडते: बाभळीच्या सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बांधते आणि कातडे सडायचे थांबते.

आयुर्वेदाने या चवीला कषाय रस म्हटले आणि स्रवणारे थांबवणारा, सैल झालेले आवळणारा असा त्याचा गुण सांगितला. जांभळाच्या सालीचा काढा जुलाबावर देतात, हिरड्या सुजल्या की त्याच्या गुळण्या करतात. मग सहज मनात येते की जो पदार्थ जिभेवर असा थर धरतो, तो जठराच्या जखमेवरही धरेल का? आम्लापासून तिला झाकेल का?

प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर कसे शोधतात आणि मिळालेल्या उत्तरावर किती भार टाकता येतो, ते या प्रकरणात पाहू. कल्याणहून कर्जतकडे जाताना ओळीने येणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे त्यासाठी सोयीची आहेत. बदलापूरचे जांभूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसले आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत औषधांचे घटक आणि रसायने तयार होतात. उल्हासनगर स्टेशनासमोर, चांदीबाई महाविद्यालयाच्या आवारात, डॉ. एल. एच. हिरानंदानी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आहे. झाड, कारखाना आणि औषधाची परीक्षा शिकवणारा वर्ग, तिन्ही अवघ्या काही स्टेशनांच्या अंतरात.

जठर स्वतःला का जाळत नाही

आपले जठर दिवसाकाठी दीड ते दोन लिटर रस पाझरते. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने मांसाचा तुकडा शिजल्यासारखा होतो, पण जठर स्वतः शाबूत राहते. त्याच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्या थरात बायकार्बोनेट झिरपत असते, आणि आम्ल पेशींपर्यंत पोचण्याआधीच निवते. खालून रक्तप्रवाह चालू असतो. वरच्या पेशी झिजल्या तरी तीन ते पाच दिवसांत अस्तर नवे होते. या सगळ्या बंदोबस्तावर प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची देखरेख असते.

हा बंदोबस्त ढिला पडला की आम्ल भिंतीला खाते आणि व्रण होतो. १९१० मध्ये कार्ल श्वार्ट्झ या सर्जनने मांडले की आम्ल नसेल तर व्रण नाही. पुढची सत्तर वर्षे वैद्यकाने आम्लावरच डोळा ठेवला. १९७६ मध्ये सिमेटिडीन आले, मग रॅनिटिडीन, आणि १९८८ पासून ओमेप्राझोल. व्रण भरत, पण गोळी थांबवली की पुष्कळांना पुन्हा होत.

त्याचे कारण ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सापडले. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठराच्या अस्तरात एक वेटोळा जिवाणू दिसत होता, पण बशीत तो वाढेना. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि जिवाणू वाढला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः प्याला आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचे नाव. २००५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. लहानपणी, दाटीच्या घरात, एकाच्या तोंडातून किंवा हातातून दुसऱ्याकडे हा जिवाणू जातो, आणि भारतात तो फार लोकांच्या पोटात आहे.

व्रणाचे दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. गोळीने गुडघा शांत होतो, पण त्याच वेळी जठराचा पहारेकरीही झोपी जातो. दिवसभर उभे राहून काम करणारा, अंगदुखीवर दुकानातून गोळी घेऊन रिकाम्या पोटी गिळणारा माणूस या पट्ट्यातल्या कुठल्याही गल्लीत भेटेल.

ही दोन कारणे मनात पक्की धरून प्रयोगशाळेत जाऊ. तिथे जे दिसेल ते यांच्याशी ताडून पाहायचे आहे.

सालीचा अर्क

पहिली पायरी झाडाची ओळख. 'जांभूळ' म्हणून आणलेली साल खरोखर जांभळाचीच आहे ना? मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालयासारख्या ठिकाणी वाळवलेल्या नमुन्यांशी फांदी, पान, फूल ताडून पाहतात आणि नमुन्याची नोंद ठेवतात. पुढे कोणाला शंका आली तर तोच नमुना काढून बघता यावा, म्हणून.

मग साल सावलीत वाळवतात, भरड कुटतात आणि सॉक्सलेट या काचेच्या उपकरणात भरतात. खाली द्रावक उकळतो, वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने भुकटीवर पडते आणि भरले की नळीतून खाली उतरते. असे तासन्‌तास चालते. पेट्रोलियम इथरमध्ये तेलकट द्रव्ये उतरतात, मद्यार्कात आणि पाण्यात टॅनिन. द्रावक उडवून दिला की काळपट, चिकट अर्क उरतो. अर्काच्या द्रावणात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की ते निळे-काळे होते. लोखंडी विळीवर आवळा चिरला की विळी काळी पडते, तेच हे. हिरडा आणि हिराकस मिळून शाई व्हायची ती याच रासायनिक ओढीने.

आता अर्क सुरक्षित आहे का ते आधी पाहतात. एका ठरावीक मोठ्या मात्रेपर्यंत प्राणी निरोगी राहतो का, हे तपासल्यावरच व्रणाचा प्रश्न हाती घेता येतो. प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीपुढे मांडावा लागतो: किती उंदीर, का लागणार, कमी भागणार नाहीत का, वेदना कशा टाळणार? प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६० च्या कायद्यातून ही व्यवस्था आली आहे. ती कागदी अडचण नव्हे. ज्या जिवाला बोलता येत नाही त्याच्या वतीने कोणीतरी प्रश्न विचारायलाच हवेत.

उंदराच्या जठरात

उंदरांचे सहासहाचे गट करतात. एका गटाला नुसते पाणी किंवा डिंकाचे द्रावण, एकाला ओमेप्राझोलसारखे जाणते औषध, उरलेल्यांना अर्काच्या चढत्या मात्रा. सगळ्यांना उपाशी ठेवतात, तेही जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, कारण उंदीर स्वतःची लेंडी खातो आणि उपास मोडतो.

त्यानंतर व्रण घडवायचा. त्याच्या रीती अनेक आहेत. फिलाडेल्फियाच्या हॅरी शे यांनी १९४५ मध्ये सांगितलेली रीत आजही चालते. उंदराला भूल देऊन जठराचे खालचे तोंड दोऱ्याने बांधतात. रस बाहेर जाऊ शकत नाही, आम्ल साठते आणि भिंतीला खाते. काही तासांनी तो रस मोजता येतो, निर्देशक घालून सोडियम हायड्रॉक्साइडने त्याची आम्लता काढता येते. अर्काने आम्ल कमी केले का, हे त्यातून कळते.

दुसऱ्या रीतीत अर्क दिल्यावर उंदराला १ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क पाजतात. तासाभरात जठराच्या अस्तरावर लालकाळे पट्टे उमटतात. तिसरीत अ‍ॅस्पिरिन किंवा इंडोमेथॅसिन. चौथीत थंडी आणि बांधून ठेवल्याचा ताण.

शेवटी जठर मोठ्या वळणाच्या कडेने उघडतात, धुतात, पाटीवर ताणून लावतात आणि भिंगाखाली व्रण मोजतात: किती, केवढे, किती खोल. मोजणाऱ्याला कोणते जठर कोणत्या गटातले हे ठाऊक नसावे. ठाऊक असले की डोळा नकळत मनासारखे मोजतो. या मोजणीतून व्रणांक निघतो. समजा, पाणी दिलेल्या गटाचा व्रणांक ५ आणि अर्क दिलेल्यांचा २ आला, तर अर्काने ६० टक्के संरक्षण दिले असे लिहितात.

जांभळाच्या बाबतीत अशी कामे झालेली आहेत. फिलिपिन्समध्ये जांभळाला 'दुहात' म्हणतात. तिथल्या रामिरेझ आणि रोआ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आम्ल आणि मद्यार्काच्या मिश्रणाने उंदरांच्या जठराला इजा केली आणि सालीतल्या टॅनिनने ती कमी होते असे त्यांना दिसले. बनारस हिंदू विद्यापीठात जांभळाच्या बियांच्या अर्काची व्रणांवर परीक्षा झाली. म्हणजे जिभेवरून आलेली शंका निराधार नव्हती.

६० टक्क्यांचा अर्थ

इथे पुष्कळ लेखक थांबतात आणि 'जांभूळ अल्सरवर गुणकारी' असे लिहून मोकळे होतात. मला वाटते, खरे काम इथून पुढे आहे.

पहिली गोष्ट जठराच्या रचनेची. उंदराच्या जठराचे दोन भाग असतात. पुढचा भाग पातळ, ग्रंथी नसलेला, धान्य साठवण्याची कोठी. मागचा ग्रंथींचा. शे यांच्या रीतीत व्रण मुख्यतः त्या कोठीत पडतात, आणि तशी कोठी माणसाच्या जठरात नसतेच.

दुसरी गोष्ट मद्यार्काच्या प्रयोगाची. अमेरिकेतले संशोधक आंद्रे रॉबर्ट यांनी १९७९ मध्ये दाखवले की प्रोस्टाग्लँडिन आधी दिले तर शुद्ध मद्यार्क, तीव्र आम्ल, अगदी उकळते पाणीही उंदराच्या जठराला फारशी इजा करत नाही, आणि तेही आम्ल कमी न करता. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सौम्य मद्यार्क किंवा सौम्य आम्ल आधी पाजले, तरीही नंतरच्या तीव्र माऱ्यापासून जठर वाचते. थोड्याशा चरचरण्याने जठर सावध होते आणि स्वतःचेच प्रोस्टाग्लँडिन सोडते. आता तुरट, तिखट, कडू अर्कांचा विचार करा. अर्क जठराला किंचित झोंबत असेल, तरी या प्रयोगात तो रक्षक म्हणून उत्तीर्ण होईल. एक तास आधी झोंबलेले औषध आणि खरोखर सांभाळणारे औषध यांतला फरक या परीक्षेत दिसत नाही. तो पाहायचा तर अनेक दिवस अर्क देऊन अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते.

तिसरी गोष्ट, संरक्षण आणि बरे करणे वेगळे. छत्री पावसाआधी उघडली तर उपयोग, भिजल्यावर नाही. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो व्रण पडल्यावर. म्हणून जपानमध्ये ताकागी आणि ओकाबे यांनी १९६९ मध्ये अ‍ॅसेटिक आम्लाने दीर्घकाळ टिकणारा व्रण घडवण्याची रीत काढली. त्यात औषध व्रणानंतर सुरू करता येते आणि तो किती दिवसांत भरतो ते मोजता येते. ही परीक्षा अधिक वेळ घेते, पण रुग्णाच्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते.

चौथी, आणि सर्वांत मोठी. बांधलेल्या जठरातल्या व्रणाला कारण दोरा, पाजलेल्या जठरातल्याला मद्यार्क. माणसातल्या बहुतेक व्रणांमागचा जिवाणू या उंदरांत नसतो. अ‍ॅस्पिरिनचा प्रयोग तेवढा माणसाच्या एका खऱ्या कारणाला भिडतो. जिवाणूसाठी वेगळी परीक्षा लागते, आणि तिथेही बशी फसवते. भूमध्य समुद्राकाठच्या मस्तकीच्या डिंकाने बशीतला हेलिकोबॅक्टर मरतो असे १९९८ मध्ये छापून आले. २००३ मध्ये तोच डिंक रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या पोटातल्या जिवाणूंत काही फरक पडला नाही.

पाचवी गोष्ट मात्रेची. उंदराला किलो वजनामागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असे समजा. माणसासाठी हा आकडा थेट वजनाने गुणत नाहीत, कारण लहान प्राण्याच्या शरीरात औषध झपाट्याने वापरले जाते. प्रचलित हिशेबात तो ६.२ ने भागतात. म्हणजे किलोमागे साधारण ६४.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला रोज ३.९ ग्रॅम अर्क, ५०० मिलिग्रॅमच्या जवळजवळ ८ गोळ्या. १०० ग्रॅम सालीतून १० ग्रॅम अर्क निघत असेल, तर रोज ३९ ग्रॅम साल. घरी सालीचा एखादा तुकडा उकळून घेतलेला काढा आणि प्रयोगातला अर्क यांत एवढे अंतर आहे.

ज्येष्ठमधाने दाखवलेली वाट

मग हे सगळे व्यर्थ का? ज्येष्ठमधाची हकिगत वेगळे सांगते.

१९४६ च्या सुमारास नेदरलँड्सचे डॉक्टर रेव्हर्स यांच्या लक्षात आले की गावातल्या औषधविक्रेत्याकडचे ज्येष्ठमधाच्या अर्काचे मिश्रण घेणाऱ्या व्रणाच्या रुग्णांना आराम पडतो. त्यांनी ते आपल्या रुग्णांना देऊन पाहिले. व्रण भरत होते. पण काहींच्या अंगावर सूज येत होती, आणि रेव्हर्स यांनी गुणाबरोबर ही सूजही लिहून ठेवली. इंग्लंडमध्ये ज्येष्ठमधातल्या घटकापासून कार्बेनोक्सोलोन तयार झाले. रिचर्ड डॉल यांनी औषध घेणारे आणि नुसती दिसायला तशीच गोळी घेणारे असे गट करून रुग्णांवर परीक्षा घेतली आणि १९६२ मध्ये दाखवले की त्याने जठरातला व्रण खरोखर लवकर भरतो. सुजेचे कारणही पुढे उलगडले. ज्येष्ठमध मूत्रपिंडातले एक विकर अडवते, शरीरात मीठपाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. सिमेटिडीन आल्यावर कार्बेनोक्सोलोन मागे पडले. पण आपल्या आजीने खोकल्यावर चघळायला दिलेल्या मुळीत व्रण भरण्याची ताकद आहे आणि रक्तदाबाच्या रुग्णाने ती बेताने घ्यावी, या दोन्ही गोष्टी आपल्याला या परीक्षेमुळेच कळल्या.

मुंबईतही अशी वाट चोखाळली गेली. सर्पगंधेची मुळी रक्तदाबावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रुग्णांना देऊन, रक्तदाब मोजून, १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचे लक्ष या झाडाकडे गेले. त्याच केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदिक औषधांची आधुनिक परीक्षा हे जीवितकार्य मानले आणि मराठी वाचकांसाठीही लिहीत राहिल्या. तिथे १९९० मध्ये शतावरीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना शतावरी देऊन जठर किती वेळात रिकामे होते ते मोजले. निम्मे रिकामे व्हायला एरवी सुमारे १६० मिनिटे लागत होती, शतावरीने सुमारे १०१. मेटोक्लोप्रमाइड या जाणत्या औषधाने सुमारे ८५. प्रयोग छोटा होता आणि त्याने व्रणाबद्दल काही दावा केला नाही. पोट जड राहते, अन्न पुढे सरकत नाही, या तक्रारीवर शतावरी का देतात, एवढ्याच प्रश्नाला त्याने हात घातला आणि माणसातच उत्तर शोधले. प्रश्न लहान आणि उत्तर स्वच्छ, अशा कामांवरच पुढची भिंत उभी राहते.

झाडाजवळ परत

जांभळाचे पुढे काय करावे? साल काढली की झाड जखमी होते, आणि गोल फेर काढली तर मरते. बदलापूर परिसरातली जुनी झाडे बांधकामांच्या रेट्यात आधीच कमी झाली आहेत. म्हणून पहिला प्रश्न पानांना आणि बियांना विचारायला हवा. बिया तर हंगामात रस्त्यावर फेकल्या जातात. दुसरे, प्रत्येक अर्कात टॅनिन किती, गॅलिक आणि एलॅजिक आम्ल किती, हे मोजून लिहायला हवे. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली पाने सारखी नसतात, आणि घटक न मोजलेल्या अर्काचा प्रयोग दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहता येत नाही. तिसरे, परीक्षा खऱ्या कारणांशी भिडणारी हवी: वेदनाशामक गोळ्यांच्या इजेवर, आणि आधीच पडलेला व्रण भरण्यावर. हे तिन्ही आवाक्यातले आहे. झाडे बदलापुरात आहेत, घटक मोजणारी यंत्रे औषधाच्या कारखान्यांना परकी नाहीत, आणि प्रश्न नेटका मांडायला शिकणारी मुले उल्हासनगरच्या वर्गात बसलेली आहेत.

तोवर पोटदुखीच्या माणसाने काय करावे, हे स्पष्ट सांगायला हवे. उपाशीपोटी किंवा रात्री पोटाच्या वरच्या भागात जळत असेल, आठवड्यामागून आठवडे दुखत असेल, तर हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्यावी. तो असला तर प्रतिजैविके आणि आम्ल रोखणारे औषध यांचा ठरलेला क्रम पूर्ण केला की व्रण भरतो आणि बहुतेकांना पुन्हा होत नाही. गुडघ्याची किंवा पाठीची गोळी रोज लागत असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. शौच डांबरासारखे काळे होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा गाळ दिसत असेल, तर काढा उकळत बसू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

जांभूळ मात्र जरूर खावे. ते फळ म्हणून मोलाचे आहे, त्याला औषधाचे प्रशस्तिपत्र लागत नाही. खाऊन झाल्यावर बी हातात राहील. ती फेकण्याआधी क्षणभर बघावी. तिच्या अर्काने उंदराच्या जठराला आधार दिला आहे, माणसाच्या जठराला देतो की नाही हे तिला अजून नीट विचारायचे आहे. जमल्यास ती पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीत खोचावी, म्हणजे विचारायला झाड उरेल.